सॉफ्टवेअर उद्योगाला आधी इमारत हवी की ग्राहक?

आपण म्हापशाच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवता, आणि तिसऱ्या वर्षाच्या वर्गात निघालेली चर्चा पुढे नेण्यासाठी मला तीन प्रश्न पाठवले आहेत. विकसनशील देशांपैकी ज्यांना सॉफ्टवेअर उद्योग उभा करता आला त्यांनी नेमके काय केले? त्यातले गोव्यासारख्या लहान राज्याने काय घ्यावे? आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने सेवा विकाव्यात की स्वतःचे उत्पादन काढावे? त्याला जोडून विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे, की गोव्यातच राहून या धंद्यात काही करता येईल का. मी १९९६ पासून या व्यवसायात आहे. पहिली आठ वर्षे पुण्यातल्या नोकरीत गेली, त्यांतली जवळजवळ दोन वर्षे कंपनीने पाठवले म्हणून अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या कार्यालयात काढली, आणि २००४ पासून फोंड्याला तीसेक माणसांची कंपनी चालवतो आहे. त्यामुळे माझे उत्तर सिद्धांताच्या बाजूने कमी आणि धंद्याच्या बाजूने अधिक येईल.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना ते तपासून पाहता येईल. प्रोग्रामर चार-पाच वर्षांत घडवता येतो. आपले काम नीट जाणणारा, चूक खपवून न घेणारा आणि ठरल्या वेळी पैसे देणारा ग्राहक मात्र असा कारखान्यात काढता येत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते, किंवा सरकारने स्वतः तसा ग्राहक व्हावे लागते. ज्या देशांचा सॉफ्टवेअर उद्योग वाढला त्यांना असा ग्राहक कोणत्या ना कोणत्या वाटेने मिळाला होता, आणि जिथे केवळ इमारती, करसवलती व उद्‍घाटने झाली तिथे उद्योग फारसा रुजला नाही, असे मला दिसते.

भारताची गोष्ट बहुतेक लोक १९९१ पासून सांगतात, पण ती त्याआधी वीस वर्षे सुरू होते आणि तिचे मूळ परकीय चलनाच्या टंचाईत आहे. सत्तरच्या दशकात संगणक आयात करायचा तर सरकारची अट असे, की यंत्राच्या किमतीच्या दुप्पट मोलाचे सॉफ्टवेअर निर्यात करून दाखवा. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये स्थापन झाली होती. फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली तिने १९७४ च्या सुमारास बरोज कंपनीचे यंत्र आणले आणि त्या अटीपोटी परदेशातले काम शोधायला सुरुवात केली. म्हणजे पहिला परदेशी ग्राहक हौसेने मिळवलेला नव्हता, अट पुरी करण्याच्या निकडीने मिळवलेला होता. पुढे विदेशी भागभांडवलावरच्या मर्यादेचा वाद होऊन आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला. त्या वेळी ते संकट वाटले असेल, पण त्यामुळे देशात एकाच कंपनीच्या यंत्रांची मक्तेदारी राहिली नाही. नाना बनावटीची यंत्रे आली, आणि एका यंत्रावरची प्रणाली दुसऱ्यावर नेऊन बसवण्याची विद्या आपल्या लोकांच्या हाताला लागली. पुढची वीस वर्षे जगाला नेमकी हीच विद्या विकत हवी होती.

त्यानंतरचे टप्पे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतील. नोव्हेंबर १९८४ चे संगणक धोरण आले, १९८६ मध्ये सॉफ्टवेअर निर्यातीचे स्वतंत्र धोरण आले, आणि १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र उघडून उपग्रहाच्या दुव्याने काम परत पाठवायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची पहिली तीन केंद्रे बंगळुरू, पुणे आणि भुवनेश्वर इथे निघाली आणि १९९१ मध्ये ती एका संस्थेखाली आली. या पार्कचे नाव घेताच लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात, पण त्याचा खरा उपयोग वेगळा होता. एका छोट्या कंपनीला स्वतःचा उपग्रह दुवा परवडणे शक्य नव्हते, ती ६४ किलोबिटांची वाहिनी भाड्याने घेऊ शकली. यंत्रे शुल्काशिवाय आणता आली. आणि दहा खात्यांचे दरवाजे ठोठावण्याऐवजी एका अधिकाऱ्याची सही पुरू लागली. आज ६४ किलोबिट म्हटल्यावर माझ्याकडची मुले हसतात. त्या काळी मात्र अमेरिकेतल्या ग्राहकाच्या यंत्रावर पुण्यात बसून काम करता येणे, हीच मोठी गोष्ट होती.

करसवलतीविषयी माझे मत प्रचलित मताहून थोडे निराळे आहे. आयकर कायद्याच्या कलम १०-अ खालची निर्यात नफ्यावरची सूट ३१ मार्च २०११ पर्यंत चालली, आणि तिच्यामुळे मोठ्या कंपन्यांची तिजोरी भरली हे खरे. पण नफ्यावरची सूट नफा होणाऱ्यालाच लागू पडते. सुरुवातीची तीन-चार वर्षे धडपडणाऱ्या कंपनीला नफाच नसतो; तिला स्वस्त दुवा, शुल्कमुक्त यंत्र आणि वेळेवर येणारे बिलाचे पैसे हवे असतात. जे देश आज करसवलतींची जंत्री छापून गुंतवणूकदारांना बोलावतात त्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

आता ऑनसाइट कामाबद्दल, म्हणजे ग्राहकाच्या जागी जाऊन करायच्या कामाबद्दल, थोडे सविस्तर लिहितो, कारण ज्या गोष्टीला सर्वांनी नावे ठेवली तिच्यातच वाढीचे बीज होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आपल्या सॉफ्टवेअर निर्यातीचा बहुतांश भाग म्हणजे माणसे परदेशी पाठवून त्यांच्या तासांचे पैसे घेणे, एवढाच होता. त्याला ‘बॉडी शॉपिंग’ म्हणून हिणवले जाई, आणि पुण्यात असताना मीही ते हिणवणे ऐकले आहे. १९९८ मध्ये मी त्या विमा कंपनीत पोहोचलो तेव्हा दोन हजार सालाची अडचण सोडवण्याचे काम होते, म्हणजे तारखेतल्या वर्षाचे दोन अंक चार करायचे, इतकेच. पण तिथल्या पर्यवेक्षक बाई माझा प्रत्येक चाचणी अहवाल परत पाठवीत. पॉलिसीचा हप्ता थकला, मग भरला, मध्ये विमेदार वारला, तर काय होईल, हे तू तपासलेस का? फेब्रुवारीची २९ तारीख तपासलीस का? मी तीन महिने रडकुंडीला आलो होतो. मात्र परत आलो तेव्हा मला कोबोल या संगणकाच्या भाषेपेक्षा विमा व्यवसाय अधिक कळत होता, आणि पुण्यातल्या कंपनीने पुढची तीन कामे त्याच जोरावर मिळवली. असे हजारो लोक परत आले, किंवा तिथेच राहून इकडे काम पाठवू लागले. भारतीय सॉफ्टवेअरची खरी शाळा ती होती, आणि तिची फी परदेशी ग्राहकांनी भरली.

या शाळेला विद्यार्थी पुरवण्याचे कामही योगायोगाने आधीच झाले होते. महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. दक्षिणेतल्या राज्यांतही खासगी महाविद्यालये निघाली. एनआयआयटी १९८१ मध्ये आणि अ‍ॅपटेक १९८६ मध्ये सुरू होऊन त्यांचे वर्ग गावोगाव पोहोचले. त्या महाविद्यालयांच्या दर्जाबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण नव्वदच्या दशकात मागणी उसळली तेव्हा माणसे तयार होती. निर्यातीचा आकडा १९८९-९० मध्ये दहा कोटी डॉलरच्या आसपास होता, १९९९-२००० मध्ये तो चारशे कोटींच्या घरात गेला, आणि २०२३-२४ मध्ये सुमारे वीस हजार कोटी डॉलर झाला. उद्योगात त्या वर्षी ५४ लाखांच्या आसपास माणसे होती.

या आकड्यांनी दिपून इतर देशांनी आपले अनुकरण करावे असे मला वाटत नाही, कारण आपल्याला मिळालेली वेळ आणि माणसांची संख्या त्यांच्याकडे नाही. म्हणून काही लहान देशांकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

आयर्लंडने परदेशी कंपन्या बोलावल्या. मायक्रोसॉफ्ट १९८५ मध्ये डब्लिनजवळ आली, आणि युरोपातल्या भाषांसाठी उत्पादने तयार करण्याचे काम तिथे स्थिरावले. त्या कंपन्यांत आणि विद्यापीठांत शिकलेल्या लोकांतून पुढे देशी कंपन्या निघाल्या. इस्रायलने १९९३ मध्ये योज्मा नावाने दहा कोटी डॉलरचा सरकारी निधी काढला. नव्या कंपन्यांत जोखीम घेऊन पैसे घालणाऱ्या खासगी साहसवित्त निधींत सरकारने अल्प वाटा घालायचा, आणि धंदा चालला तर खासगी भागीदाराने तो वाटा पाच वर्षांत मूळ किमतीला व्याजासह विकत घ्यायचा, अशी त्याची रचना होती. ती चतुर होती यात शंका नाही, पण तिच्यामागे लष्करी संशोधनाची परंपरा आणि अमेरिकेशी घरचे नाते होते. ते नसताना नुसता निधी काढला तर पैसा राहतो आणि गुंतवण्याजोगी कंपनी सापडत नाही.

ब्राझीलची गोष्ट गोव्यातल्या माणसाला खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, भाषेत लवकर कळेल. खाजनाच्या बांधाला मानस, म्हणजे पाण्याचे दार, असते. भरतीला तिची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर जाते. दार कायमचे बंद केले तर शेत सडते आणि कायमचे उघडे टाकले तर खारे पाणी पीक मारते. ब्राझीलने १९८४ च्या कायद्याने छोट्या संगणकांची देशी बाजारपेठ परदेशी मालाला बंद केली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती बंद ठेवली. देशी यंत्रे महाग आणि मागासलेली राहिली, आणि त्यांच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्याची झळ बसली. तरीही महागाईच्या त्या दिवसांत ब्राझीलच्या बँकांना रोजच्या रोज, अचूक आणि झटपट हिशेब हवा होता, म्हणून बँकांचे देशी स्वयंचलन मात्र उत्तम झाले. बंद बाजारातही जिथे ग्राहक कडक होता तिथे माल चांगला निघाला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

व्हिएतनामची एफपीटी ही कंपनी १९८८ ची. सॉफ्टवेअर निर्यातीसाठी तिने प्रथम भारत आणि अमेरिकेत कार्यालये थाटली, ती चालली नाहीत. मग तिने जपानकडे मोर्चा वळवला आणि आपल्या अभियंत्यांना जपानी भाषा शिकवली. जपानी ग्राहक विनिर्देश, म्हणजे काय हवे त्याचा तपशील, इंग्रजीत लिहून देत नाही आणि बारीक चुकीवरही काम परत करतो, त्यामुळे इतरांनी जो ग्राहक सोडला तो तिला लाभला. केनियाचे उदाहरण उलट दिशेचे आहे. मार्च २००७ मध्ये तिथे एम-पेसा सुरू झाले आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्यात तो देश जगाच्या पुढे गेला, पण मूळ सॉफ्टवेअर ब्रिटनमध्ये लिहिलेले होते आणि यंत्रणाही कित्येक वर्षे परदेशात होती. एखाद्या देशात सॉफ्टवेअरचा वापर अफाट वाढू शकतो आणि सॉफ्टवेअरचा उद्योग तेवढ्या प्रमाणात न वाढताही राहू शकतो. धोरणाच्या कागदांत या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण एस्टोनियाचे आहे. त्याची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास आहे आणि २०११ च्या जनगणनेत गोव्याची १४ लाख ५८ हजार होती, म्हणजे दोघे एकाच मापाचे. १९९१ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा हा देश आपल्यापेक्षा गरीब अवस्थेत नव्हता, पण श्रीमंतही नव्हता. १९९६ मध्ये त्याने सर्व शाळांत संगणक आणि इंटरनेट नेण्याचा कार्यक्रम घेतला, आणि २००१ मध्ये सरकारी खात्यांच्या निरनिराळ्या नोंदवह्या एकमेकींशी सुरक्षितपणे बोलू शकतील अशी एक्स-रोड नावाची व्यवस्था सुरू केली. पुढच्या वर्षी नागरिकांचे डिजिटल ओळखपत्र आले. महत्त्वाची बाब अशी, की सोव्हिएत काळातल्या सायबरनेटिक्स संस्थेतून निघालेली सायबरनेटिका आणि तिच्यासारख्या देशी कंपन्यांना हे काम मिळाले. सरकारने एकच राक्षसी प्रणाली मागवली नाही. प्रत्येक खात्याने आपली छोटी प्रणाली घ्यावी, पण जोडणीचे नियम सर्वांना एक असावेत, असे ठरवले. त्यामुळे लहान कंपनीला झेपेल असे काम निघाले, आणि तेच काम दाखवून त्या कंपन्या इतर देशांत गेल्या. हे सांगताना गोवा सार्वभौम देश नाही याची मला जाणीव आहे. आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा केंद्रीय मंत्रालये देतात. तरीही राज्याच्या हातात पुष्कळ उरते.

गोव्यात गेली वीस वर्षे आयटी म्हटले की जमीन हा पहिला शब्द निघतो, आणि त्यामुळेच चर्चा फिसकटते. दोनापावलचा आयटी हॅबिटॅट रहिवाशांच्या विरोधाने रखडला. विशेष आर्थिक क्षेत्रांविरुद्ध २००७ मध्ये आंदोलन झाले आणि ३१ डिसेंबर रोजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी ती रद्द करण्याची घोषणा केली. चिंबलच्या आयटी पार्कलाही गावकऱ्यांनी विरोध केला. आयआयटीच्या जागेवरून सत्तरीतल्या मेळावलीत जानेवारी २०२१ मध्ये गावकऱ्यांची पोलिसांशी झटापट झाली ती सर्वांनी पाहिली. अवघ्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात, जिथे डोंगर, खाजन, कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची, जमीन आणि किनारा यांना वगळून फार थोडे उरते, तिथे लोकांनी जमिनीबद्दल हळवे असणे मला अजिबात गैर वाटत नाही. माझ्या कंपनीला बावीसशे चौरस फूट पुरतात. फोंड्यात दुकानांच्या वरच्या मजल्यावर आम्ही बसतो, आणि खाली मिरची-मसाल्याचे दुकान असल्याने उन्हाळ्यात शिंका येतात, याखेरीज जागेची काही तक्रार नाही.

माणसांची स्थिती निराळी आहे. फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून आहे, वेर्ण्याला पाद्रे कॉन्सेसांव महाविद्यालय आहे, बिट्सचा परिसर २००४ मध्ये झुआरीनगरला आला, नंतर एनआयटी आणि आयआयटी आल्या. लोकसंख्येच्या मानाने एवढ्या संस्था क्वचितच कुठल्या राज्यात असतील. मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना संगणक दिले. त्यांतले कितीतरी खेळ खेळण्यात झिजले असे लोक म्हणतात, पण माझ्याकडच्या दोन उत्तम अभियंत्यांनी पहिला प्रोग्राम त्याच संगणकावर लिहिला होता. फ्रेशर मिळण्याची अडचण मला कधीच आली नाही. सापडत नाही तो दहा-बारा वर्षांचा अनुभव असलेला, ग्राहकाशी बोलून कामाचा अंदाज देणारा आणि पाच जणांना सांभाळणारा माणूस. तो पुण्यात किंवा बंगळुरूत असतो. त्याला गोव्यात परत यायचे असते, आईवडील इथे असतात, पण इथे येऊन नोकरी सुटली तर दुसरी कंपनी कुठे, हा त्याचा प्रश्न रास्त असतो. २०२० नंतर घरून काम करण्याची सोय झाल्याने असे बरेच लोक परतले खरे. ते हणजूण-शिवोलीत बसून परदेशी किंवा परप्रांतीय कंपन्यांची कामे करतात; त्यांच्यामुळे घरभाडी वाढली, मात्र त्यांचे ज्ञान गोव्यातल्या उद्योगात अजून उतरलेले नाही.

मग गोव्याचा कडक ग्राहक कोण? मी तीन सांगतो, आणि त्यांतल्या एकाने मला रडवले आहे.

२००५ ते २०१२ या काळात आमचे मुख्य काम खाणींचे होते. खाणीवर ट्रक भरला की काट्यावर वजन, मग जेटीवर पुन्हा वजन, मग बार्जची फेरी, मांडवी किंवा झुआरीतून मुरगाव बंदर, तिथे जहाजात भरलेला माल, आणि प्रत्येक टप्प्यावर ओलाव्यामुळे पडणारा फरक. हा सगळा हिशेब जुळवणारी प्रणाली आम्ही केली होती. ग्राहक जाणकार होते, कारण शंभर टनांची तफावत म्हणजे त्यांच्या खिशाला भोक. तीन खाण कंपन्यांकडून आमचे साठ टक्के उत्पन्न येई. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाणी थांबल्या आणि डिसेंबरपर्यंत आमच्यातली अकरा माणसे मला कमी करावी लागली. ती प्रणाली ओडिशा किंवा छत्तीसगडमध्ये विकता आली असती. चांगले दिवस चालू असताना आम्ही तिकडे फिरकलोसुद्धा नाही, ही चूक निव्वळ माझी. २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा आमचे त्यांच्यावर काही अवलंबून नव्हते.

दुसरा ग्राहक वेर्णे आणि आसपासच्या वसाहतींतले औषध कारखाने. अमेरिकेला औषध पाठवायचे तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचा १९९७ चा नियम पाळावा लागतो. या क्षेत्रात त्याला पार्ट इलेव्हन म्हणतात. नोंद कोणी केली, कधी बदलली, आधीचे मूल्य काय होते, बदलाचे कारण काय, हे सारे पुसता येणार नाही अशा रीतीने राहिले पाहिजे, आणि प्रणाली सांगितल्याप्रमाणे चालते याचा लेखी पुरावा निरीक्षकासमोर ठेवता आला पाहिजे. या कामात प्रोग्राम लिहायला जितका वेळ जातो त्याच्या दुप्पट कागदपत्रांना जातो. आमच्या मुलांना सुरुवातीला त्याचा उबग आला. पण हे शिकलेला माणूस हैदराबादपासून आयर्लंडपर्यंत कुठल्याही औषध कारखान्याचे काम घेऊ शकतो, आणि तो शिकू शकेल असे दहा-वीस कारखाने आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. बहुतेक कारखाने हे काम मुंबईच्या किंवा परदेशी कंपन्यांना देतात, कारण गोव्यात कोणी करते हे त्यांना माहीतच नसते.

तिसरा ग्राहक हॉटेलांचा, आणि इथे आपल्या सेवा-की-उत्पादन या प्रश्नाचे उत्तर येते. २००९ मध्ये आम्ही वीस ते चाळीस खोल्यांच्या हॉटेलांसाठी एक उत्पादन काढले. खोल्यांचे आरक्षण, बिल, आणि परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत भरायचा सी फॉर्म, एवढे त्यात होते. पहिल्या चौदा हॉटेलांनी चौदा तऱ्हेची बिले मागितली आणि आम्ही ती दिली. दोन वर्षांत आमच्याकडे एका उत्पादनाच्या चौदा आवृत्त्या झाल्या आणि कर बदलला की चौदा ठिकाणी दुरुस्ती. याला उत्पादन म्हणत नाहीत. हे कमी भावात विकलेले सेवाकाम होते. पुढे आम्ही सगळे मोडून एकच आवृत्ती ठेवली, ज्यांना वेगळे हवे होते त्यांना नम्रपणे नाही म्हटले, त्यांतले पाच ग्राहक गेले, आणि उरलेल्यांवर उत्पादन टिकले. आज ते केरळ आणि दीवमधल्याही काही हॉटेलांत चालते. त्या दोन वर्षांचे पगार औषध कारखान्यांच्या सेवाकामातून निघाले. म्हणून माझे सांगणे असे, की भांडवल नसलेल्या कंपनीने सेवेपासून सुरुवात करावी, पण एकाच क्षेत्रातली सेवा करावी. आज हॉटेल, उद्या शाळा, परवा पतसंस्था असे केल्याने महिन्याचा खर्च निघतो, मात्र दहा वर्षांनी हातात काहीच साठलेले नसते. झोहोसारखी कंपनी १९९६ मध्ये सुरू होऊन बाहेरच्या गुंतवणुकीशिवाय उत्पादनांवर वाढली हे खरे आहे, पण तिनेही अगोदर दूरसंचार क्षेत्रातल्या एका अरुंद गरजेवर बरीच वर्षे घालवली होती.

राज्य सरकारने काय करावे, याचे माझे उत्तर छोटे आहे: खरेदी नीट करावी. २०१७ च्या आणि २०२१ च्या स्टार्टअप धोरणांत भाडे, पगार इत्यादींचा काही भाग परत देण्याच्या योजना होत्या, आणि त्या वाईट नव्हत्या. पण अनुदानाने कंपनी काही शिकत नाही, कामाने शिकते. सरकारी निविदांत मागच्या तीन वर्षांची कोट्यवधींची उलाढाल मागितली जाते आणि स्थानिक कंपनी दारातच अडते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्टार्टअपना पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूट देण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग निविदा लिहिणाऱ्याने करायला हवा. एस्टोनियाप्रमाणे मोठे काम तुकड्यांत वाटावे, जोडणीचे नियम प्रसिद्ध करावेत. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टी, पाण्याचे बिल, पंचायतीचा परवाना या नोंदी एकमेकींशी जोडण्याचे काम प्रत्येकी दहा-पंधरा लाखांच्या तुकड्यांत निघाले, तर गोव्यातल्या निदान वीस कंपन्या त्यासाठी लायक ठरतील.

आणि पैसे वेळेवर द्यावेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायचे असते, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एका सरकारी खात्याने आमचे काम स्वीकारल्याचे पत्र देऊन चौदा महिने पैसे दिले नाहीत. व्याज मागण्याचा हक्क आम्हाला होता. पुढचे काम त्याच खात्याकडून हवे असल्याने मी तो बजावला नाही, आणि बायकोचे सोने बँकेत ठेवून पगार केले. त्यानंतर आम्ही सरकारी निविदा भरणे सोडले. माझ्यासारख्या जुन्या कंपन्या सोडून गेल्यावर त्या कामासाठी जे उरतात ते कोण असतात, हे वेगळे सांगायला नको.

एक मोठा बदल या सर्वांना कापत जाणारा आहे. भारताने ज्या शिडीने चढाई केली तिची सर्वांत खालची पायरी होती सोपे, पुनरावृत्तीचे काम: चाचणी, दुरुस्ती, जुन्या प्रणालीची देखभाल. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून ती पायरी बारीक होत चालली आहे. आमच्याकडे पूर्वी तीन फ्रेशर जे अहवाल लिहीत ते काम आता एक अनुभवी मुलगी यंत्राच्या मदतीने दोन दिवसांत संपवते. जे देश आज नव्वदच्या दशकातला भारत होऊ पाहतात त्यांना ती पायरी मिळेलच असे नाही. फ्रेशरला शिकवण्याचा खर्च पूर्वी ग्राहक नकळत भरत असे. तो आता कंपनीला, महाविद्यालयाला किंवा सरकारला उघडपणे भरावा लागेल. आम्ही गेल्या वर्षापासून नव्या मुलांना पहिले चार महिने प्रोग्राम लिहायलाच देत नाही. त्यांना कारखान्यात किंवा हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर बसवतो आणि पाहिलेले लिहून काढायला सांगतो. यंत्राने लिहून दिलेले बरोबर आहे की नाही हे ओळखण्यासाठी काम माहीत असावे लागते. हा प्रयोग आम्हाला परवडेल की नाही, ते अजून वर्षभराने कळेल.

विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण सरळ नाही. शक्य असेल तर पहिली तीन-चार वर्षे बाहेर काढावीत, आणि मोठ्या कंपनीचे नाव पाहण्यापेक्षा आपल्याला कोणत्या क्षेत्राचे काम मिळणार ते पाहून नोकरी निवडावी. बाहेर जाणे शक्य नसेल तर घरच्या धंद्याकडे नीट पाहावे. कळंगुटला ज्यांची दहा खोल्यांची जागा आहे, कुंकळ्ळीला ज्यांचा मासळीचा व्यवहार आहे, त्यांच्या घरात एक ग्राहक आधीच आहे.

आपल्या वर्गासाठी एक सुचवतो. पावसाळ्यात हॉटेले रिकामी असतात, तेव्हा चार-चार मुलांचे गट करून त्यांना कांदोळी-कळंगुटच्या हॉटेलांत आणि वेर्ण्याच्या कारखान्यांत पाठवावे. विचारायचे एवढेच, की कोणती नोंद अजून वहीत हाताने लिहिली जाते, आणि संगणक असूनही ती वहीत का लिहावीशी वाटते. दोन-तीन कारखान्यांशी मी बोलून ठेवतो. ऑक्टोबर उजाडला की हॉटेलवाल्यांना बोलायला सवड नसते, म्हणून ऑगस्टच्या आत तारखा कळवाव्यात.